न घासलेली टाकी

बाबा, अकोल्याच्या घरात मी माशांची टाकी मांडली आहे, तीही खाऱ्या पाण्याची. समुद्र कुठे, आपण कुठे, पण शौक लागला. सुरुवातीचा मूर्खपणा आधी सांगून टाकतो. खारं पाणी म्हटल्यावर मला आपलं खारपाणपट्ट्यातलं गाव आठवलं आणि मी तिथल्या विहिरीचं पाणी कॅन भरून घेऊन आलो. त्या पाण्यात कधी धड डाळ शिजली नाही, निदान मासे तरी जगतील असं वाटलं. माशांच्या दुकानदाराने कपाळाला हात लावला. "सर, हे खारं आहे, पण समुद्राचं नाही ना! याच्यात मासा नाही जगत." समुद्री मिठाचं पाकीट घेऊन मी परत आलो.

मीठ कालवलं, खडक रचले, पंप लावला आणि मासे न सोडता झिंग्याचा एक तुकडा तेवढा पाण्यात टाकला. बायको म्हणाली, "जित्ते मासे आणाच्या आधी मेलेला झिंगा? काहून सडवून राहिले पाणी?" पण सडवायचंच असतं, बाबा. सडण्यातून अमोनिया सुटतो, तो माशांना विषच. मग खडकांवर, पंपाच्या स्पंजात हळूहळू डोळ्यांना न दिसणारे जिवाणू वस्तीला येतात. काही त्या अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषारीच, आणि दुसरे त्याचं नायट्रेट करतात, जे मासे थोडंफार सोसतात. हे बस्तान बसायला कित्येक आठवडे जातात. तोवर आपण गप्प बसायचं, आणि नंतरही खडक, स्पंज घासूनपुसून लख्ख करायचे नाहीत. हे वाचलं आणि मला लहानपणीचा अमरावतीतला रविवार दिसला.

तुम्ही सरकारी दवाखान्यातले कंपाउंडर, जन्मभर सुया उकळलेला माणूस. माझ्यासाठी आणलेली काचेची टाकी तुम्ही मोरीत घेऊन बसला आहात. गोल्डफिश बादलीत काढता, वाळूवर उकळतं पाणी ओतता, काच आणि स्पंज दवाखान्यातल्या लाल औषधाने धुता. आई स्वयंपाकघरातून ओरडते, "लेकराईलेबी इतकं नाही धुतलं तुमी कधी!" टाकी आरशासारखी चमकते, आणि दोन-चार दिवसांत मासे उलटे तरंगतात. नवे आणले की घासणं आणखी जोरात. तिसऱ्या खेपेनंतर तुम्ही टाकी गच्चीवर पालथी घातली आणि म्हणालात, "माह्या हातात जस नाही."

तुमची सुई टोचलेली कळत नाही, हाताला गुण आहे, असं अख्खा दवाखाना म्हणायचा. ते यश तुमच्या लेखी कुठे गेलं कोण जाणे. पुढे लिंबाचं रोप लावायचं तरी तुम्ही आईला पुढे करायचात. मला मुलगी झाली, मी तिला तुमच्याकडे द्यायला गेलो, तर तुम्ही हात मागे घेतलेत. "आधी तुह्या मायजवळ दे." तेव्हा मला भयंकर राग आला होता.

बाबा, तुमच्या हाताचा काही दोष नव्हता. दर रविवारी तुम्ही ती जिवाणूंची वस्तीच उकळून टाकत होता, मासे जगावेत म्हणून. इतकी साधी गोष्ट, पण तेव्हा ती तुम्हाला सांगणारं कोणी नव्हतं.

गेल्या आठवड्यात तपासणीच्या नळ्यांमध्ये अमोनिया शून्य आला आणि नायट्राइटही. मग थोडं पाणी बदलून दोन नारिंगी मासे आणले. सकाळचा चहा आता मी टाकीसमोरच घेतो. दोघं खडकांमधून मजेत हिंडतात, खायला टाकलं की वर झेपावतात. छान चाललं आहे. हे पत्र कुठे धाडायचं नाही, तेव्हा खरं ते लिहायला हरकत नाही. एवढं सगळं समजून उमजून, मासे पाण्यात सोडायची वेळ आली तेव्हा पिशवी मी बायकोच्या हातात दिली.