माय, विमानानं ये

नैरोबी, जानेवारी १९६६

तीर्थरूप मायले,
तुह्या सुभद्राचा एवढ्या दुरून पायावर डोकं ठेवून नमस्कार.

दादानं लिहिलं, तुहा पासपोर्ट आला, पण माह्या बाळंतपणाले यायचं म्हटलं का तू विमानाले भेऊन राह्यली. काऊन वं माय? मी बोटीनं आली तेव्हा मुंबई सुटल्यापासून उलट्याच केल्या. तुले तसं नाही होणार.

तुह्या जावयानं काल विमानाच्या कचेरीत विचारलं. मुंबईहून नैरोबी अठ्ठावीसशे मैल हाय, पण सात-आठ तासांत उतरवतात. खामगावहून मुंबईले आगगाडीत याहून जास्त वेळ जाते! हे म्हणाले, "मायले लिही, पोळी-चटणी खाऊन एक झोप काढली का आलं नैरोबी."

मी खुशाल आहो. मंगळवारी पोट दुखलं, पण शेजारच्या गुजराती काकी दिवसभर जवळ बसल्या. डॉक्टर म्हणाला, काळजी नाही. बाबाचा खोकला कमी झाला का?

काकी लय चांगल्या हायेत. पण कळा सुरू झाल्या का मले तुहाच हात धरायचा हाय.

वाट पाहणारी तुही लेक,
सुभद्रा