एकाच दिशेची पावलं

प्रिय ताई,

दुरूनच तुझ्या पायांना हात लावतो. मी ठणठणीत आहे, जेवणही वेळेवर होतं. आईचा गुडघा कसा आहे?

इथली माती म्हणजे नुसता चिखल. रस्त्यासाठी तिच्यात चुना आणि सिमेंट कालवून, पाणी मारून, दोन तासांत मी रोलर फिरवायचा. उशीर झाला की जे असेल ते तसंच घट्ट होतं. दिवसभर चुन्यात राहून आम्ही सगळे भुतंच दिसतो.

मागच्या मंगळवारी चुना पसरणारे म्हातारबुवा मला चहाला बोलवायला ओल्या थरावरून चालत आले आणि रोलरपाशी छाती धरून बसले. पक्क्या बाजूने उचलून नेलं, पण वाटेतच गेले. त्या गडबडीत रोलर फिरवायचा राहिला.

त्यांची अकरा पावलं आता दगड झाली आहेत. सगळी माझ्याकडे येणारी, परत जाणारं एकही नाही.

परवा साहेब म्हणाले, "तेवढा पट्टा उद्या फोडून टाक रे." मी हो म्हणालो. काल पुन्हा त्या पावलांना वळसा घालून गेलो.

आईला यातलं काही सांगू नकोस. विचारलंच तर सांग, माती छान बसली आहे.

तुझा,
धाकटा