सोशिक बाईची परीक्षा

३ फेब्रुवारी

नाटकात मुख्य भूमिका मिळाली. बाई कोण, तर दगड! इटलीतली सहा-सातशे वर्षांपूर्वीची गोष्ट. जमीनदार गरिबाच्या पोरीशी लग्न करतो. आधी चारचौघांत तिचे कपडे उतरवायला लावतो, मग नवे घालायला. पुढं लेकरं काढून नेतो, मारली म्हणून सांगतो. शेवटी तिलाच हाकलतो. बाईची तक्रार नाय! मग साहेब म्हणतात — परीक्षा घेत होतो, पास झालीस. ही खूश! धन्य गं बाई तुझी.

६ फेब्रुवारी

नाटक बसवणाऱ्या सोमनाथ सरांनी तालमीत या गोष्टीचं जुनं चित्र दाखवलं. एकाच लाकडी फळीवर ती तीनदा रंगवलेली — जुन्या कपड्यांत, कपड्यांविना, नव्या कपड्यांत. मागं कमानी, भोवती गर्दी टकामका बघतेय. अशी चित्रं नव्या जोडप्याच्या खोलीत लावायचे म्हणे!

सर म्हणाले, "अपेक्षा, तिचा संयम बघ." मी म्हटलं, "सर, मला तर फुकटचा तमाशा बघणारे दिसतायत." सरांचं तोंड एवढंसं झालं.

१० फेब्रुवारी

अनोळखी नंबरवरून परत मेसेज. "लग्न कशाला करतेस? माझ्यासोबत चल." चांगला झाडला मेल्याला. ब्लॉक!

होणाऱ्या नवऱ्याला कळायला नको का, म्हणून ऋतुराजला सांगितलं. तर नुसता हसला. बिनडोक! सिल्लोडचं हे स्थळ पप्पांनी लई हौसेनं जमवलंय, म्हणून गप्प बसले.

१६ फेब्रुवारी

साखरपुडा. रिवाजाप्रमाणे मला आत नेलं, माझी साडी उतरवून सासरची नेसवली, बाहेर आणलं. हॉलभर मोबाईल वर! ऋतुराजनं माइक घेतला. "ते मेसेज माझेच होते! पोरगी कशी आहे ते तपासलं. पास!"

टाळ्या! टाळ्या वाजवल्या मुडद्यांनी! त्याची आई म्हणाली, "आमचा ऋतू लई हुशार."

मी आत गेले. त्यांची साडी सोडली, पिशवीतला माझा ड्रेस घातला. घडी करून साडी त्याच्या हातात दिली, वर अंगठी ठेवली. "लई झालं," एवढंच म्हटलं.

पप्पा खाली मान घालून बसलेले. त्यांच्याकडं बघून जीव तुटला माझा.

१७ फेब्रुवारी

नाटक सोडणार नाय. पण शेवटच्या प्रवेशात हसणार पण नाय. सरांनी काय करायचं ते करावं!

१९ फेब्रुवारी

मम्मीनं आज सांगितलं. मेसेज करून बघा, असं पप्पांनीच ऋतुराजच्या घरच्यांना सुचवलं होतं. "माझी पोरगी शंभर नंबरी आहे, हवं तर तपासा."

संध्याकाळी पप्पांना विचारायला गेले. त्यांनी चहा मागितला.

मी करून दिला.