समोर बसलेला सगुण

सोमवार, ४ फेब्रुवारी २०१९

आरोग्यकेंद्रात श्वासाचा वर्ग सुरू झाला. खाणीच्या ट्रकांवर उमर घालवलेले आम्ही सगळे, छात्या सगळ्यांच्याच खराब. पण देवकी मॅडमनी माझी जोडी लावली कोणाशी? सगुणाशी! अख्ख्या लाटंबार्शात मला हाच मिळावा? वशाड पडो!

म्हणाल्या, "बोलायचं नाही. जोडीदाराच्या छातीकडे बघा. तो श्वास घेईल तेव्हा तुम्ही घ्या. मन भटकलं तर परत त्याच्याकडे आणा."

मन भटकतंय कुठं! अकरा वर्षं ह्याच्यावरच आहे.

गुरुवार, ७ फेब्रुवारी

पुन्हा तेच थोबाड, दोन हातांवर. अकरा वर्षांमागं त्या दिवशी ट्रक हा चालवत होता. मी बाजूला झोपलो होतो. सायकलवाल्या बाबुरावाचा पाय मोडला, आणि हा पोलिसांना म्हणाला, "गोकुळदास चालवत होता." ट्रक माझ्याच ताब्यातला, म्हणून सगळ्यांना पटलं. लायसन गेलं, काम गेलं. पोरं अजून मागून ओरडतात — पायमोड्या!

आणि मी ह्याच्याबरोबर श्वास घ्यायचा!

शनिवार, ९ फेब्रुवारी

सातेरी देवीकडे नारळ ठेवला. गाऱ्हाणं घालताना गुरवानं विचारलं, "काय मागतंस?"

"सगुणाक मराण नको. चार लोकांत खरां बोलांदे, इतक्याच."

मरण म्हणजे स्वस्तात सुटणं झालं. मला त्याचा शब्द हवा. वर्गात, सगळ्यांसमोर. अर्धा गाव असतो तिथं.

सोमवार, ११ फेब्रुवारी

नजर हलवली नाही. त्यानंच डोळे मिटले. मॅडम मला म्हणाल्या, "छान लक्ष देता तुम्ही." देणारच!

गुरुवार, १४ फेब्रुवारी

सगुणाला केंद्राच्या पायऱ्या चढवेनात, दोनदा बसला. बरं झालं. येताना बेकरीतून चार उंडे पाव आणले, चहात बुडवून खाल्ले. गोड लागले.

सोमवार, १८ फेब्रुवारी

सगुण वर्गात उभा राहिला. "मॅडम, माका एक सांगूचा आसा. त्या दिसा ट्रक…"

सगळे त्याच्याकडे वळले. बाबुरावाचा मुलगासुद्धा होता.

पुढचा शब्द येईना. ओठ काळे पडले, छाती नुसती वर उडायला लागली. मी त्याचे दोन्ही हात धरले. "बोलू नको रे. माझ्याकडे बघ. नाकान घे. सावकास."

अँब्युलन्स येईपर्यंत त्याच्याबरोबर श्वास घेत होतो. त्यानं दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा मीच गप्प केलं.