एकटीने घातलेली चादर

३ जून
आले एकदाची! छोटंसं रुग्णालय, लख्ख फरशी, वॉर्डाला लागूनच मेट्रनची खोली. कपाट, टेबल, आरसा; मला पुरे. इथली आया, सगळ्यांची मावशी, चहा देता देता एका दमात सगळ्यांच्या कुंडल्या मांडून गेली. खिडकीजवळच्या पलंगावर माणूस हमखास बरा होतो म्हणे. मी म्हटलं, उजेड-वारा मिळतो, चमत्कार कसला! मात्र त्या पलंगाची चादर कुणी एकटी घालत नाही. दोघी लागतात, त्याही रोज वेगळ्या. का, तर वाटून घ्यावं लागतं, बाई, एवढंच म्हणाली.

४ जून
चादर मी एकटीने घातली, सगळ्यांदेखत. एक सुरकुती नाही. शिकलेल्या बायांना ताठ मान असते, कान नसतात, असं मावशी पुटपुटली. हसू आलं.

९ जून
खिडकीजवळची, अर्धांग झालेली शिंपीणबाई आज उजव्या हाताने जेवली. व्यायामाचा गुण. माझ्या उजव्या हाताला मुंग्या येताहेत. मान अवघडली असेल.

१४ जून
डाव्या हाताने लिहितेय. उजवा नुसता लोंबतो. तपासण्यांत काही निघत नाही. पलंगावर आता दृष्टी गेलेला पोस्टमन. मावशी चादरीचं दुसरं टोक धरायला आली, तिला हाकललं. आता माघार घेतली तर या खुळाला मीच खतपाणी घातल्यासारखं होईल.

१९ जून
पोस्टमन रस्त्यावरच्या पाट्या वाचत सुटलाय. मला या ओळी — चष्म्याचा नंबर वाढला असेल. वयच आहे.

२१ जून
अंदाजाने लिहितेय. ओळीवर ओळ गेली असेल. एक पोर आणलीय, पाच-सहा वर्षांची. तिचं धापणं ऐकवत नाही. डॉक्टरांनी हात टेकले. आई माझे पाय सोडत नाही, त्याच पलंगावर घ्या म्हणते.
हे खोटं असेल तर चादर घालायला हरकत काय? आणि खरं असेल तर —
मावशी म्हणाली, मी धरते टोक, अर्धं-अर्धं. नको म्हटलं. या वेळी ताठ्याने नाही.
चाचपत घातली. कोपरे नीट बसले नाहीत.

२२ जून
पोर दूध मागतेय — आवाज स्वच्छ — औषधाचाच गुण — कुणी विचारलं तर मी ठणकावून —
मावशी पाठ चोळतेय. रडू नको म्हटलं तिला, म्हणजे — म्हणायचं होतं —
जरा थांबून लिहिते. एक श्वास नीट —