आजीच्या वजनावर जुळवलेली चाकं

प्रिय निकिता,

जय भीम. आधी हे पत्र पूर्ण वाच, मगच गाडी सुरू कर.

तू ट्रेनिंगला बंगळूरला, तुझी झेन गाडी नाक्यावरच्या मकसूदच्या गॅरेजात आणि मी विश्रांतवाडीत मोकळी. मग काय विचारतेस! मी सांगतेय आणि तुझी आई कपाळाला आठ्या घालून लिहितेय. एक शब्द गाळलास तर शेजारच्या रुकसानाकडून लिहून घेईन, असं तिला बजावलंय. परवा मकसूदचा निरोप आला : चाकं जुळवताना ड्रायव्हरच्या सीटवर निकिताएवढं वजन पाहिजे, नाहीतर माप चुकतं. तुझी आई म्हणाली, पोतं ठेवा. म्हटलं, मी काय मेलेय? कमरेला पट्टा बांधला आणि गेले. मकसूदनं मला बसवलं आणि वर मांडीवर तांदळाची पिशवी ठेवली! एवढी हलकी वाटते का रे मी, विचारलं, तर म्हणतो, आजी, निकिता डबा खाते, तुम्ही नुसता चहा पिता. पण स्टिअरिंग धरून काय ऐटीत बसले होते सांगू! हॉर्नसुद्धा वाजवला.

तिथंच कळलं, तू फोनवर त्याला सांगितलंस म्हणे, चाकं रस्त्यासाठी असतात तशी सरळच ठेवा, रेसची नकोत, आजीला दवाखान्यात न्यायचं असतं. मागं सरावासाठी चाकं रेससारखी जुळवून मला आळंदी रोडनं नेलंस, गाडी प्रत्येक चाकोरीत ओढली गेली आणि माझी पाठ धरली, ते तू मनाला लावून घेतलंस. अगं, पण तसल्या सरळ चाकांनी वळणावर टायरची पकड सुटते आणि बाकीचे पुढं निघून जातात, हे तूच मला जेवताना ताट कलतं करून दाखवलंस ना? कोइमतूरची ही तुझी पहिली रेस, आणि तू ती माझ्या पाठीपायी हरायला निघालीस? शहाणीच आहेस.

मग मी मकसूदला धारेवर धरलं. रेससाठी तो दोन गोष्टी करतो : चाकं वरून आत झुकवतो आणि पुढून जराशी बाहेर फाकवतो. यातलं ओढतं कशानं, ते सांग, म्हटलं. म्हणाला, जास्त करून फाकवल्यानं, टायरही त्यानंच लवकर झिजतात. मग झुकव, फाकवू नकोस! तो डोकं खाजवत म्हणाला, वळायला अगदी चटकन वळणार नाही, पण वळणात पकड चांगली राहील. फक्त निकिता माझ्यावर चिडेल. म्हटलं, तिला मी बघते. त्यानं चाकं तशी जुळवली आणि लगेच त्याला चालवायला बसवून आळंदी रोडवर चक्कर मारली. गाडी सरळ गेली गं! पाठ दुखली, पण ती हसून हसून.

मकसूदच्या गॅरेजातला तौफिक आज ट्रकवरून गाडी कोइमतूरला आणतोय आणि हे पत्र तिच्या कप्प्यात आहे. फोनवर बोलले असते तर तू सगळं पुन्हा सरळ करायला लावलं असतंस, म्हणून गप्प बसले. पण न सांगताही भागेना. चाकं तू सांगितलीस तशी आहेत असं समजून सुटलीस, तर पहिल्याच वळणावर दचकशील. तेव्हा पहिली फेरी सावकाश मार, गाडीची नवी चाल ओळखून घे, आणि मग कुणाला सोडू नकोस. वळणावर माझा विचार करायचा नाही. तो परत येताना, सरळ रस्त्यावर कर.

तुझीच,
कौशल्याआजी