चाचणीचं पान

३ नोव्हेंबर, मंगळवार, दुपार

चि. खोडरबर यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे आज सकाळी दहापर्यंत होतं. तुझी पाठ आणि तू दुरुस्त करतोस त्या लिफ्टा दोन्ही कुरकुर न करता चालत असतील अशी आशा करते. अक्षर वाकडं दिसेल. सह्या सोडल्या तर कित्येक वर्षांत मी हातानं काही लिहिलेलं नाही, आणि आज यंत्रावर लिहायला मनाई आहे. त्याचं कारण पुढे येईल. येऊ दे त्याला त्याच्या गतीनं.

चाळिशी ओलांडलेल्या गृहस्थाला, त्यानं पहिलीत खोडरबर खाल्लं म्हणून, अजून त्याच नावानं हाक मारणं शोभत नाही हे मला कळतं. पण दुसऱ्या कुठल्या नावानं सुरुवात करावी ते सुचेना.

सहा वर्षं आपण बोललो नाही. तेव्हा आधी परिचय. मी सॉफ्टवेअर लिहिते. वाचनालयांना हवं ते पुस्तक शोधून देणारी प्रणाली आमची कंपनी बनवते, आणि त्यातला शोधण्याचा भाग माझा. हाताखालच्या सात पोरापोरींना वाटतं की मला ऐकू येत नाही. ती मला 'शास्त्रीबाई' म्हणतात, कारण कुठल्याही बदलाआधी मी प्रयोजन विचारते. त्याला मी काय करू? तुला बाबांनी मोकळं सोडलं, मला संस्कृत शिकवलं.

यंदा मी स्वतःची वेबसाइट बांधली. तयार साचा घेऊन नव्हे, पहिल्या ओळीपासून हातानं, तीन महिने, रविवारी सकाळी. आपल्या घरात कुणी काही बांधल्याचं ऐकिवात नाही, त्यामुळे मला फार कौतुक वाटलं. परिचयाच्या पानावर काय लिहावं ते सुचेना, तेव्हा बाबांची चार कलमं आठवली. कुठलाही ग्रंथ उघडला की आधी बघायचं: विषय काय, प्रयोजन काय, संबंध काय आणि वाचायचा अधिकार कुणाला. ताटावर बसवून ते घोकून घ्यायचे. तू अधिकारापर्यंत पोचेस्तोवर आमटी संपवलेली असायचीस.

मी लिहिलं: विषय, एक बाई आणि तिनं केलेली कामं. प्रयोजन, निवृत्तीनंतर लोकांनी विसरू नये. अधिकार, ज्याला वेळ आहे त्या कुणालाही. संबंध ही ओळ रिकामी ठेवली. शास्त्रात तो ग्रंथाचा विषयाशी असतो, हे मला माहीत आहे. पण मला घरचे आठवले, आणि बोट पुढे जाईना.

शिवाय वर उजव्या कोपऱ्यात एक शोधायची खिडकी केली. शब्द टाका, साइटवर तो जिथे कुठे असेल ते पान समोर येतं. पाहुण्याला घर दाखवताना आपण एखाद्या कपाटापाशी जास्त रेंगाळतो ना, तसं माझं त्या खिडकीचं झालं. आईला टॅबलेटवर साइट उघडून दिली आणि तीच आधी दाखवली. आई म्हणाली, "काहीही टाकू?" मी म्हटलं, "काहीही टाक."

आता धंद्यातली एक रीत सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. पान नीट दिसतं का, ओळी कुठे तुटतात, हे तपासायला आम्ही आधी खोटा मजकूर भरतो. जगभर त्यासाठी अर्थ नसलेलं लॅटिन वापरतात. मला निरर्थक ओळ टाइप करवत नाही. ही बाबांची कृपा. म्हणून 'चाचणी' नावाच्या पानावर मी मनात आलं ते भरभर लिहीत गेले. चांगला लांबलचक मजकूर हवा होता. तुझ्यावरचा निघाला.

काम झाल्यावर पुसायचं होतं. राहिलं. त्या पानाकडे जायला कुठूनही वाट नव्हती, म्हणून मी निर्धास्त होते. पण माझी खिडकी, खोडरबर, वाट बघत नाही. ती सगळी पानं वाचते. मीच तिला तसं शिकवलं होतं.

आज सकाळी दहाला आईचा फोन आला. आवाज नेहमीचा. दूधवाला उशिरा आला असं सांगायचा जो आवाज असतो, तो.

"तुझी खिडकी चांगली आहे. खरंच सगळं सापडतं."

"काय शोधलंस?"

"खोडरबर."

मी ऑफिसात होते. समोर दोघं जण काही विचारायला उभे होते. ते काय विचारत होते ते मला अजून आठवत नाही. सहा वर्षांत आईनं तुझं नाव घेतलेलं नाही. जेवायला किती पानं मांडायची हे मोजतानाही ती तुझ्यापाशी अडखळत नाही, असं मला वाटायचं.

"वाचलंस?" मी विचारलं.

"वाचलं. मग तुझ्या काकांना फोन लावून वाचून दाखवलं. सबंध. मध्ये त्यांनी ठेवायचा प्रयत्न केला, मी म्हटलं, ऐका."

फोन संपल्यावर मी खिडकीची नोंदवही उघडली. कुणी केव्हा काय शोधलं, ते तिथे आपोआप उतरतं. माझे दोन-चार तपासणीचे शब्द, आणि बाकी सगळं तुझं नाव. नऊ दिवसांत अकरा वेळा. दुपारी चारच्या आसपास, तिचा चहा झाल्यावर. एकदा उघडलेलं पान परत कसं गाठायचं हे तिला येत नाही. म्हणून दर वेळी तिनं तुझं नाव पहिल्यापासून टाइप केलं.

मी उठून जिन्यात जाऊन बसले. लिफ्टनं गेले नाही, तुझी आठवण झाली असती.

तर त्या पानावर काय होतं. तुला ते माहीत आहे. जगात दोघांनाच माहीत होतं. तरी माझ्या हातानं लिहायला हवं.

बाबांच्या शेवटच्या दिवशी डॉक्टर सकाळी आठला म्हणाले की ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवा. आई म्हणाली, त्याला फोन कर. मी फोन घेऊन बाहेर गेले आणि केला नाही. आधी दोनदा तुला असंच बोलावलं होतं. दोन्ही वेळा तू चौदा तासांचा प्रवास करून आलास, आणि बाबा उशीला टेकून चहा मागत होते. तूच म्हणाला होतास, "ताई, पुढच्या वेळी खात्री करून बोलाव." अकराला आमच्या प्रणालीची नवी आवृत्ती सुरू व्हायची होती. मी ठरवलं, ती मार्गी लावू, तोवर खात्री होईल. ती व्यवस्थित सुरू झाली. दोन वाजून दहा मिनिटांनी बाबा गेले. तुला मी तीनला फोन केला.

एवढंच असतं तर चूक म्हणता आली असती. पण आईनं विचारलं, "सकाळी कळवलं होतंस ना?" आणि मी म्हणाले, "हो. बघतो म्हणाला."

बघतो म्हणाला. तो 'बघतो' मी तुझ्या तोंडी घातला, खोडरबर.

दुसऱ्या दिवशी तू पोचलास तेव्हा सगळं उरकलं होतं. काका दारातच म्हणाले, "सकाळी आठला कळूनही ज्याला बघावं लागतं, त्यानं आता काय बघायला यायचं?" तू माझ्याकडे पाहिलंस. मी पाण्याचा जग भरायला आत गेले. तो भरलेला होता.

तू तेव्हा बोलला नाहीस. नंतरही नाही. का, हे मी विचारणार नाही. तो अधिकार माझा नाही.

सकाळी त्याच फोनवर मी आईला म्हटलं, पान आत्ताच्या आत्ता काढते. ती म्हणाली, "हात लावू नकोस. ठेवायचं की पुसायचं ते त्याला विचार. आणि ते यंत्रावरून नाही, हातानं लिहून विचार." म्हणजे हे पत्र. रागावली का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "तुझ्यावर रागवायला वेळ आहे. आधी त्याचं बघू दे." आणि थोड्या वेळानं, "माझ्या मुलाला मीच एकदा विचारायला हवं होतं."

पत्र तुला शुक्रवारपर्यंत मिळेल. शनिवारी सकाळी आठला आई तुला फोन करणार आहे. ते काम पुन्हा माझ्यावर सोपवणार नाही म्हणाली. तू उचललास तर ती ये म्हणेल. नाही उचललास तर ती परत लावेल. अकरा वेळा लावेल, तिला आता सवय आहे.

माफी मागत नाही. सहा वर्षांनी, एका उघड्या राहिलेल्या पानामुळे मागितलेल्या माफीला फारशी किंमत नसते. पान तसंच आहे. 'पूस' असं एका शब्दात कळवलंस तरी पुसेन.

संबंधाची ओळ मात्र आज भरली. खाली सही केली आहे, तेच तिथे लिहिलं.

सकाळी फोन न केलेली,
तुझी ताई